आखाजीआधी आईची मान

आईला जळगावच्या मणक्यांच्या डॉक्टरांकडे नेलं ते मी, आणि तेही भांडून. ती जळगावजवळच्या असोद्यात राहते, मी धुळ्यात. फोनवर तिचं एकच पालुपद असायचं, "काही नाही व माय, जरा मान धरली." ही जरा धरलेली मान दिवाळीपासून सुटलेली नव्हती. हाक मारली की ती अख्खी वळायची, आणि उजव्या हाताला मुंग्या यायच्या. भाऊ-वहिनी बाम चोळून थकले. शेवटी चैत्रात मी रजा टाकून आले आणि तिला रिक्षात घातलं.

त्या दवाखान्यात औषधाची बाटली नावालाही दिसत नाही. आत एक लांब गादीचा बाक, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र. डॉक्टर हातांनीच दाबून, वळवून मणके मोकळे करतात. बाहेर बसलेल्यांच्या गप्पा मात्र सगळ्या आवाजाच्या होत्या. भुसावळचे एक रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर आईला सांगत होते, "कमरेतून असा कट् आवाज आला अक्का, अन् त्या दिवशी मी स्वतः वाकून बूट घातले." शेजारी कापड दुकानाचे शेठजी होते, जन्म गादीवर मांडी घालून गेलेला. त्यांच्या मानेतून दोन्ही बाजूंनी आवाज आले होते, आणि त्याचा त्यांना मुलाच्या लग्नाइतका अभिमान होता. मला हसू आवरेना. पण खरं सांगायचं तर ऐकता ऐकता मलाही आशा वाटायला लागली. दुखणाऱ्या माणसाला दुसऱ्या दुखणाऱ्याचाच भरवसा वाटतो. जावे त्याच्या वंशा, म्हणतात ते उगीच नाही.

डॉक्टरांनी आधी एक्स-रे पाहिला. मग विचारलं, "अक्का, काम काय करता?"

"काही नाही. घरीच तर असते."

"खोटं," मी म्हटलं. "ही मांडे करते. पुऱ्या गल्लीचे."

डॉक्टर म्हणाले, "कसे करता ते दाखवा बरं."

आईने पदर खोचला आणि स्टुलावर बसल्या बसल्या हवेतच मांडा करायला घेतला. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेतला, कोपरापर्यंत खेळवत पातळ केला, पार धोतरासारखा पसरला आणि पालथ्या खापरावर अलगद टाकला. हातात काहीच नव्हतं, तरी तिने तो फाटू दिला नाही. मी लहानपणापासून तिचे मांडे खात आले होते, पण ते करताना तिची मान प्रत्येक फेऱ्याला डावीकडे कशी मुरडते आणि खांदा कसा कानाला भिडतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी तिला बाकावर झोपवलं. डोक्यावरचा पदर परक्या पुरुषासमोर काढायचा म्हणून ती अवघडली होती, तिने माझा हात धरला. डॉक्टर हलक्या हाताने बराच वेळ दाबत राहिले. बाहेर आल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "आवाज त काहीच नाही आला." भाजीवाल्याने मापात मारल्यासारखा चेहरा केला होता. डॉक्टरांच्या कानावर ते गेलंच. ते म्हणाले, आवाजाचा आणि बरं होण्याचा तसा काही संबंध नसतो, आणि तुमच्या मानेला झटका द्यायचाच नाही. तिला ते पटलं नाही. पण पुढच्या काही खेपांत मुंग्या कमी झाल्या, मान थोडी वळायला लागली, आणि मग ती स्वतःच रिक्षा बोलवायला लागली.

आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी यायची आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली तेव्हा मी पुन्हा तिच्यासोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, "मान सुटतेय. पण मांडे आता बंद. हात वर धरून तासन् तास बसाल तर पुन्हा मुंग्या येतील."

आई हात जोडून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आखाजीपुरता हात चालू द्या. मंग नाही चालला तरी चालीन."

माझं डोकंच फिरलं. रिक्षात बसल्यावर मी तिला फाडफाड बोलले. लोक मांडे विकत आणत नाहीत का? एका पोळीपायी हात गमवायचा आहे का? मीठमिरची लावून सगळं बोलून झालं. आई रस्त्याकडे पाहत होती. तशीच पाहत म्हणाली, "मांडे नसले त तू कायले येशीन?"

राग कुठल्या कुठे गेला आणि रडू यायला लागलं. लेकीला माहेरी आणायला काहीतरी हातावर धरावं लागतं, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, आणि मी दर आखाजीला येऊन मांडे खाऊन, वर डबा भरून नेत होते.

आखाजीला मी गेले. पितरांची घागर भरून झाली. वहिनीने गॅसवर साध्या पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. आईला स्वयंपाकघरात फिरकू द्यायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर ती दारापुढच्या ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. आजवर आखाजीची आई म्हणजे मला तिची चुलीपुढची पाठ दिसायची, आणि धुरातून "खाय, गरम आहे तोवर" एवढंच ऐकू यायचं. आता ती नुसतीच शेजारी होती. मी तिला माझ्या शाळेतल्या नोकरीच्या कटकटी सांगायला लागले. मग यांची बदली आली, मग लेकीचं माझ्याशी धड न बोलणं आलं, आणि मग कुणालाच न सांगितलेलंही आलं. आईने सल्ला दिला नाही. ती ऐकत राहिली.

ऊन उतरलं तेव्हा ती म्हणाली, "इतकं साचलं व्हतं तुह्या पोटात. अन् मी त्याच्यावर मांडेच वाढत राह्यली."