धुतलेल्या बशा

आमचा मामा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायचा. तिथे सगळे त्याला चकाचक म्हणत. घरीही मामीने घासलेला पेला तो उजेडात धरून बघायचा. मामी म्हणायची, मला नवरा नाही, तपासनीस मिळालाय.

तिथल्या प्राध्यापक बाईंनी काचेच्या बशांत अमीबा पाळले होते. एकदा काही बशांत जंतू शिरले आणि बहुतेक अमीबा मेले. जे तगले, ते जंतू पोटात घेऊनच जगू लागले. बाईंनी ते सहा वर्षं जपले. फार पूर्वी असाच एक साधा जीव दुसऱ्याच्या पोटात राहिला, दोघांचा संसार एक झाला आणि त्यातूनच आपल्यासारख्यांच्या पेशी घडल्या, असं त्या शिकवत. हे अमीबाही त्याच वाटेवर आहेत का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मामाला मात्र त्या बशा रोगट वाटायच्या.

बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि मामाला परोपकाराचा झटका आला. त्याने त्या बशांत जंतू मारायचं औषध टाकलं. उरलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून निरोगी बशांतही टाकलं. आठवड्यात जंतू गेले आणि त्यांच्यामागोमाग ते अमीबाही, एकूण एक. मामाची बोबडी वळली. त्याने बशा धुऊन ठेवल्या आणि बाईंना सांगितलं, त्या बशा ठेवलेल्या गार कपाटाची वीज गेली होती, उकाड्याने मेले. बाईंनी वहीत तसंच लिहिलं, वर त्याचीच समजूत काढली.

चोराच्या मनात चांदणं. चौदा वर्षं कोणी अमीबाचं नाव काढलं की मामा तिथून उठायचा. निवृत्तीच्या दिवशी मात्र त्याने बाईंना सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "निरोगी बशांतही तेच औषध होतं?"

"हो. त्यांना काही झालं नाही."

बाई म्हणाल्या, "म्हणजे जंतूंशिवाय त्यांना जगताच येत नव्हतं. सहा वर्षं मी हेच तर शोधत होते. तुम्ही उत्तर धुऊन टाकलंत."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हल्ली तो पेले उजेडात धरत नाही. परवा मी विषय काढला तेव्हा खाली बघत म्हणाला, "अमीबा मेले ते चुकून गं. पण मी खोटं बोललो आणि बाईंनी माझीच समजूत काढली. त्याची लाज वाटते."