पाडव्याचा चुना

दुर्गाबाई, तुमच्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून लिहिते. बीडहून काळेवाडीत आलात, नवरा गेल्यावर पुढच्या खोलीत पिठाची गिरणी घातलीत आणि त्या दळणावर लेक वाढवलीत. मग मेट्रोची मोजणी झाली. मोजणीच्या माणसांनी पायरीला लागून भिंतीवर लाल फुली मारली, पाडायचं ते तिथपर्यंतच. जाणार होती फक्त पायरी. पण पाडवा आला, आणि तुम्ही भिंतीला चुना फासायला घेतलात.

"अहो, ती खूण पुसू नका!" मी शेजारच्या दारातून ओरडले.

"ताई, सणाला दारात रगतावानी फुली ठिवू का? तुमी शिकलेल्यांनी ठिवा!"

खूण दिसेना, म्हणून दुसरी माणसं नव्यानं मोजून गेली. या वेळी लाल रेघ गिरणीच्या मधोमध आली. जुनी खूण दाखवा म्हणाले. दाखवणार काय, चुना? कचेरीत मी घसा बसेपर्यंत बोलले, कुणी मान वर केली नाही. गिरणी पाडली. आता तुम्ही चाकणला लेकीकडे, पाकिटातल्या पिठाच्या पोळ्या खाता.

गिरणीचे दगड गुळगुळीत झालेत, छिन्नीनं टाकी लावून खरबरीत करायला सांगवीच्या माणसाला निरोप द्या, असं ती रेघ पडल्यावरही तुम्ही मला सांगितलं होतंत. तो निरोप मी दिलाच नाही. देऊन तरी काय करणार होते?