चार पानांचं चिंतन

जगात असा एकही विषय नाही, ज्यावरून निघून आमच्या शेजारच्या गुरुजींना प्रभू येशूपर्यंत पोहोचता येत नाही. आणि वाटेत इतिहास, साहित्य आणि चालू घडामोडी या तीन थांब्यांवर उतरून चहा घेतल्याशिवाय ते पोहोचल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. तुम्ही त्यांना सहज म्हणा, ‘गुरुजी, यंदा वांग्यांना कीड लागली.’ ते किडीवरून दुष्काळावर जातील, दुष्काळावरून इंग्रजांच्या काळातल्या मिशनऱ्यांवर, तिथून ओवी आणि अभंग यांतल्या फरकावर, मग काल दिल्लीत कोण काय बोललं त्यावर, आणि शेवटी ‘कृपा’ या शब्दाच्या अर्थावर. तोवर तुमची उरलेली वांगीही किडलेली असतात. पण घरी जाताना का कोण जाणे, तुम्हाला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेपासून जरा आत आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. गुरुजींनी सारा जन्म मिशनच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी रायपूरला असते, आणि घरात गुरुजी, पुस्तकं आणि एक लाल पेन एवढेच राहतात. हे लाल पेन निवृत्त झालेलं नाही. सकाळचा पेपर ते पेन हातात घेऊनच वाचतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल करतात. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नपत्रिकेत त्यांनी तीन चुका काढल्या आणि ती दुरुस्त केलेली पत्रिका आहेराच्या पाकिटात घालून नवरदेवाच्या हातात दिली. भंडाऱ्याच्या ख्रिस्ती देवळात रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश ऐकायला गुरुजी पहिल्या बाकावर बसतात, मान डोलावतात, आणि बाहेर पडताना हात हातात घेऊन म्हणतात, “उपदेश उत्तम झाला. फक्त तो दुसरा मुद्दा इतिहासाले धरून नव्हता.” पाळकसाहेबांनी हल्ली दुसरा मुद्दा ठेवणंच सोडून दिलंय, असं ऐकतो.

घरी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याला पवनीला नेतात. पाहुण्याला जायचं आहे की नाही, हा प्रश्न उद्भवत नाही. मीही एकदा सापडलो. वैनगंगेकाठच्या त्या जुन्या स्तूपांच्या जागी उन्हात उभं राहून गुरुजी मला म्हणाले, “पाहा, आपला प्रभू जन्मायच्या आधीपासून इथं लोक करुणेबद्दल बोलून राहिले होते. आमी ख्रिस्ती लोक वर्गात उशिरा आलो. उशिरा येणाऱ्यानं मागच्या बाकावर बसावं अन नीट ऐकावं.” मला ते फार आवडलं. पण मागच्या बाकाबद्दल इतकं छान बोलणारा हा माणूस स्वतः कधीच मागच्या बाकावर बसत नाही, हे त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही.

तर अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलीनं नवा फोन दिला. महिन्याभरात ‘प्रभातचिंतन’ नावाचा ग्रुप निघाला. त्यात पाळकसाहेब होते, मी होतो, माझी बायको होती. पण दूधवाला, गॅस सिलिंडर आणणारा, गुरुजींच्या दाताचा डॉक्टर आणि साकोली गाडीचा एक कंडक्टरही होता. गुरुजींशी ज्याचा एकदा संबंध आला, तो ग्रुपात आला. रोज पहाटे चिंतन पडायचं. ते कमीत कमी चार पानांचं असायचं, कारण गुरुजी आधी कागदावर लिहायचे आणि मग पानांचे फोटो टाकायचे. हायवे रुंद करताना कडेची चिंचेची झाडं पडली, तेव्हा त्यांनी प्राचीन रोमच्या रस्त्यांवर लिहिलं होतं. त्या रस्त्यांच्या कडेला माणसांना खांबांवर कसं लटकवत, आणि राज्यकर्त्यांना रस्ते एवढे प्रिय का असतात, असं काहीतरी. पहिलं पान मी वाचलं होतं, म्हणून सांगू शकतो. बाकीच्या पानांचं मी तेच केलं जे सगळे करत होते. अंगठ्याचं चित्र टाकलं आणि मोकळा झालो. सकाळी सातपर्यंत ग्रुपात अंगठ्यांची रांग लागायची आणि गुरुजी अंगणात खुशीत गुणगुणत झाडांना पाणी घालायचे.

मागच्या हिवाळ्यात एके दिवशी मी कचेरीत बसून बायकोला लिहिलं: ‘गुरुजींची आज पुन्हा चार पानं. कोण वाचतं हे? सगळे नुसता अंगठा दाखवून मोकळे होतात. मीपण.’ हे लिहून मी पाठवलं, आणि पाठवल्यावर दिसलं की ते बायकोला गेलेलं नसून ग्रुपात गेलं आहे. घाईघाईनं ते खोडायला गेलो, आणि घाईत ते सगळ्यांच्या फोनवरून खोडण्याऐवजी फक्त माझ्या फोनवरून खोडलं. म्हणजे आता जगात तो मजकूर न दिसणारा मी एकटाच उरलो. संध्याकाळी घरी गेलो तर बायको दारातच उभी.

“तुमी शुद्धीवर आहात न? तुमच्या लिहिण्याले एकवीस अंगठे आले. पाळकसाहेबाचाही आहे.”

“गुरुजींनी वाचलं?”

“न वाचाले काय झालं? जा अन माफी मागा.”

मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चिंतन आलं नाही. मी मागच्या दारानं कचेरीत गेलो आणि मागच्याच दारानं परत आलो. तिसऱ्या दिवशीही चिंतन नाही, आणि त्या दिवशी गुरुजींच्या दाराला कुलूप. दूधवाला म्हणाला, “चार-आठ दिवस दूध नको म्हणे. चेहरा उतरला होता गुरुजीचा.” फोन लावला तर बंद. मग मात्र माझी झोप उडाली. एकटा म्हातारा माणूस, बाई गेलेल्या, आणि त्याचं एकुलतं एक सुख मी भर चौकात मोडून टाकलेलं. ग्रुपात आता चिंतनाऐवजी रोज सकाळी एकच प्रश्न पडू लागला: गुरुजी कुठं आहेत? ज्यांनी अंगठे दिले होते, तेच आता माझ्याकडे बोट दाखवत होते. दाताच्या डॉक्टरनं तर मला फोन करून सांगितलं, “अहो, मी वाचत नव्हतो, पण यायला तर पाहिजे न ते!”

शेवटी साकोली गाडीच्या कंडक्टरनं पत्ता दिला. गुरुजी कागदांची पिशवी घेऊन साकोलीला उतरले आणि एकोडीच्या जीपमध्ये बसले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. एकोडीला गुरुजींचा शाळेपासूनचा मित्र राहतो, एवढं मला ठाऊक होतं. रविवारी सकाळी मी निघालो. वाटेत शेतांत कापलेल्या धानाचे पुंजणे रचून ठेवले होते. मी मात्र माफीची वाक्यं रचत होतो, आणि साकोली येईपर्यंत एकही धड रचलं गेलं नाही.

एकोडीला घर शोधावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच गुरुजींचा आवाज ऐकू आला. वर्गात वाचतात तसा, खणखणीत. तो आवाज ऐकला आणि मी तिथंच कुणाच्या तरी ओट्यावर बसकण मारली. पाच दिवस छातीवर जे काही बसलं होतं, ते उठून गेलं.

अंगणात खाटेवर एक वृद्ध गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. त्यांची सून बाजूला तांदूळ निवडत होती. खुर्चीवर गुरुजी, मांडीवर कागदांचा गठ्ठा, हातात लाल पेन.

“थांब बे मास्तर,” मित्र म्हणाले. “हे मघाच सांगितलं न तू. पुढं चाल.”

गुरुजींनी निमूटपणे ओळ काटली.

“अन हे रोमचं काहून आणलं मधात? मले सांग, चिंचा कोणी तोडल्या?”

गुरुजींनी अर्धं पान काटलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढेही न वाकलेला माणूस मी डोळ्यांसमोर स्वतःचाच मजकूर काटताना पाहिला. मी पुढे होऊन त्यांचे पाय धरले.

“गुरुजी, माफ करा. माझ्या हातून चूक झाली.”

“चूक? शुद्धलेखनाची तर नव्हती,” गुरुजी म्हणाले. मग हसले आणि मला उठवलं. “खोटं कायले बोलू? त्या दिवशी लागलं मले. जेवलो नाही. बाई होती तंवर रांधता रांधता ऐके अन सांगे, ‘आता पुरे.’ ती गेल्यावर कोणी पुरे म्हटलंच नाही. मले वाटे, अंगठा म्हणजे आवडलं. मग रात्रभर फोन पाहत बसलो, कोणाकोणानं काय काय लिहिलं ते. त्यात ह्याचा निरोप सापडला. डोळे गेल्यावर सुनेकडून लिहून घेतलेला. ‘मास्तर, तुयं लिहिणं येते, पण मले दिसत नाही. कधी येशील?’ चारदा लिहिलं त्यानं. अन मी चारही वेळा काय केलं, माहीत आहे?”

गुरुजींनी आपला अंगठा वर केला आणि त्याच्याकडे पाहत राहिले.

“म्या म्हटलं, मास्तर लय कामात असन,” मित्र म्हणाले. “आता आला तर जाऊन नाही राहिला.” आणि ते इतके हसले की सुनेचे तांदूळ थांबले.

त्या दोघांत एक जुना रिवाज आहे. मित्राच्या घराण्यानं वडिलांच्या काळात धम्म स्वीकारला. गुरुजी त्यांना भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणतात आणि ते गुरुजींना ‘जय ख्रिस्त’. बाकी साऱ्या मुद्द्यांवर साठ वर्षं भांडण. जेवण झाल्यावर गुरुजींचा घसा बसला. तीन-चार दिवस वाचत होते बिचारे. मित्र म्हणाले, “आता ह्या पाहुण्याले वाचू दे. त्यालेही कळू दे काय असते त्यात.”

गुरुजींनी गठ्ठा माझ्याकडे दिला. मी हाताला येईल ते एक चिंतन उचललं. गेल्या पावसाळ्यातलं होतं. सुरुवात पुरावर, धरणाची दारं कधी उघडावीत यावर. मी वाचत गेलो. दुसऱ्या पानावर जुन्या कवितांमधली नदी. मित्रानं तीन ओळी काटायला लावल्या. तिसरं पान मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. तिथं लिहिलं होतं, ‘माझ्या शेजारच्या घरची माउली आठ दिवसांपासून दवाखान्यात आहे. मुलगा दिवसभर कचेरी करून रात्री तिच्या उशाशी बसतो आणि कुणाला काही बोलत नाही. मी दुपारी जाऊन बसतो. ती मला देवाचं काही विचारत नाही. तिच्या सासरच्या विहिरीबद्दल सांगते. आज सर्वांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी. ज्याला जी येते ती.’

माझी आई. गेल्या पावसाळ्यात तिच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. ती त्यातून वाचली, आणि आता घरी सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतकी खणखणीत आहे. दुपारी तिच्याजवळ कोण बसायचं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि त्या दिवशी ग्रुपात पहिला अंगठा बहुतेक माझाच असावा. कचेरीत जायची घाई असायची.

मी कागद मांडीवर ठेवला. गुरुजी दुसरीकडे, धानाच्या पोत्यांकडे बघत होते.

“काहून थांबले जी?” मित्र म्हणाले. “वाचा न. बरं आहे हे.”

मी वाचलं. पुढं आणखी दीड पान होतं. विहिरीबद्दल, आईबद्दल, दवाखान्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या कडुनिंबाबद्दल. त्यातली एकही ओळ मित्रानं काटू दिली नाही.

गुरुजी त्यानंतर घरी आले. आता चिंतन आठवड्यातून एकदा येतं, तेही एकच पान, एकोडीत वाचून आणि काटून झाल्यावर. सगळे ते शेवटपर्यंत वाचतात. दाताचे डॉक्टर तर शंकाही विचारतात. सगळं कसं आटोपशीर झालंय. मी पान वाचून संपवतो, ते फारच लवकर संपतं, आणि मग मी थोडा वेळ तसाच बसून राहतो; वाटतं, ह्या खालीही काहीतरी लिहिलेलं असेल, कुणाबद्दल तरी.