कासमभाईंचे दोन-दोन दिवस

कासमभाई मस्कतच्या वादी कबीर भागात एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करतात. मूळचे रत्नागिरीकडचे, बावीस वर्षं इथंच. बायको वारली. इथं त्यांच्या गावचं कुणी गेलं की मयत घेऊन गावी जाणारे तेच. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नाही. पेटीबरोबर विमानात बसायचं, माती देऊन दुसऱ्या दिवशी परतायचं आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बोललं की केलेलं वाया जातं, असं ते मानतात.

त्यांची मुलगी सबीहा माझी विद्यार्थिनी. आता ब्रसेल्सला असते. पहिलं बाळंतपण जवळ आलं, म्हणून कासमभाईंनी व्हिसाचा अर्ज केला.

मुलाखतीतल्या तरुण साहेबानं पासपोर्ट चाळला. नऊ वर्षांत भारताच्या सतरा फेऱ्या, प्रत्येक दोन दिवसांची.

"कशासाठी?"

"खाजगी काम."

झालं! दहशतवाद रोखायला युरोपातल्या एकोणतीस देशांनी हातमिळवणी केली आहे. एकाला संशय आला की तो सगळ्यांना मिळतो. अक्कल तेवढी वाटून घ्यायची राहिली. रत्नागिरीला एक फोन करावा, हे एकालाही सुचलं नाही. पत्र आलं : अर्जदारापासून अंतर्गत सुरक्षेला धोका. कशावरून, हे लिहायची छाती नव्हती. ज्या माणसाच्या हातून कधी मुंगी मेली नाही, त्याला हे घाबरले!

"चाचा, पान्हा घेऊन गेलेलात काय मुलाखतीला?" वर्कशॉपमधल्या दिलशादनं विचारलं. कासमभाई हसले नाहीत.

मी म्हटलं, "सतरा घरांची नावं द्या. घरोघरचे दाखले मागवू, मी अपील लिहिते."

"नको, बाई. गेलेल्यांना माझ्या साक्षीला उभं करू?"

"सबीहाला आई नाही, कासमभाई."

ते खाली बघत एकेक नाव सांगू लागले. इथल्याच हमरिया भागातल्या शिंप्यापाशी अडखळले. त्याची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती, त्यानं तिला पाहिलंही नव्हतं.

दाखले आले, अपील गेलं. निकाल लागेपर्यंत प्रवास टाळा, असं अर्ज भरून देणाऱ्या एजंटानं बजावलं.

आठवड्याभरात बौशरला ड्रायव्हर असलेले हुसैनमियाँ हॉस्पिटलात वारले. शेवटच्या रात्री कासमभाई उशाशी होते.

"मी जातो, चाचा," दिलशाद म्हणाला. "आणखी एक शिक्का पडला तर ते साहेब पलंगाखाली लपतील."

"हुसैनमियाँची आई विचारील, माझा लेक शेवटी काय बोलला. तू काय सांगशील?"

कासमभाईंनी सबीहाला फोन लावला. गेलो तर कदाचित कधीच येता येणार नाही, हे सरळ सांगितलं.

"जा, अब्बा," ती म्हणाली. "माझ्याशी फोनवर तरी बोलाल. त्या आईला तेवढंही नाही."

त्याच संध्याकाळी ते पेटीबरोबर गेले. घाबरणाऱ्यांनी खुशाल घाबरावं.