झाकण कोणाच्या हातून फुटलं

ते झाकण माझ्या हातून फुटलं. अंबरनाथला असताना हे एक वाक्य मी कधीही, कोणासमोरही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. आता वयाची ऐंशी उलटली. ज्या दोन बायकांसमोर ते म्हणायला हवं होतं त्यांतली एक गेली, दुसरी कुठे आहे ते मला ठाऊक नाही. म्हणून लिहून ठेवतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथ पूर्वेला आमच्या कारखान्याच्या अधिकाऱ्यांची वसाहत होती. दहा-बारा बंगले, भोवती दगडी कुंपण आणि एकच फाटक. माझे वडील त्याच कारखान्यात फिटर होते. लहानपणी त्यांचा डबा पोचवायला मी त्या फाटकासमोरून जायचो, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पुढे मी शिकलो, त्याच कारखान्यात लागलो, बढती मिळाली आणि एक बंगला माझ्या वाट्याला आला.

बंगल्याबरोबर सामान मिळायचं. गोऱ्या साहेबांच्या वेळेपासूनचं ते सामान कारखान्याच्या मालकीचं होतं आणि आम्ही फक्त यादीवर सही करून ते वापरायचं. माझ्या यादीत एक डिनर सेट होता. पांढरा, निळ्या काठाचा, आणि त्यात सूप वाढायचं मोठं झाकणाचं भांडं. बायकोने पहिल्याच दिवशी ते उचलून कपाटात ठेवलं. म्हणाली, "याला कान आहेत, पाय आहेत, फक्त उपयोग नाही."

दर मार्चमध्ये मोजणी व्हायची. काही फुटलं असेल तर एक फॉर्म भरायचा. काय फुटलं, कसं फुटलं, कोणाच्या हातून फुटलं. शेवटच्या रकान्यात सगळे अधिकारी एकच लिहायचे, "नोकराच्या हातून". साहेबाने स्वतः कप फोडला तरी तेच. त्यात कोणाचं वाईट करायचं मनात नसायचं. तशी पद्धतच होती आणि त्यामुळे कोणालाच काही व्हायचं नाही.

आमच्याकडे कामाला मावशी होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. बदलापूरच्या बाजूच्या गावातल्या, शेतकरी घरातल्या. त्यांची शेतं कारखान्यांसाठी गेली होती. वसाहतीत तीन बंगल्यांत त्या काम करायच्या आणि त्यावर घर चालवायच्या. फाटकातून आत यायला त्यांच्याकडे कारखान्याचा पास होता. छोटं पुठ्ठ्याचं कार्ड, वर फोटो. पदराच्या गाठीत बांधलेलं असायचं.

झाकण फुटलं त्याच वर्षी मी व्हीसीआर घेतला होता. मीटिंगमध्ये वरचे साहेब इंग्रजी बोलायला लागले की माझी जीभ जड व्हायची. कोणीतरी सुचवलं, इंग्रजी मालिका बघा, कान तयार होतो. उल्हासनगरला एक सिंधी दुकानदार कॅसेट भाड्याने द्यायचा. त्याचा कोणी नातेवाईक विलायतेत टीव्हीवरून मालिका उतरवून पाठवायचा. मी विचारल्यावर त्याने खालून एक कॅसेट काढली आणि म्हणाला, "साहब, इसमें मारामारी नहीं, गाना नहीं. सब लोग कपड़े बदलते हैं और चाय पीते हैं. आपको जमेगा. वापस देते टाइम उलटी घुमा के देना."

ती मालिका एका मोठ्या हवेलीची होती. वरच्या मजल्यावर लॉर्ड, त्याची बायको, मुलं. खाली तळघरात बटलर, स्वयंपाकीण, वाढपी, मोलकरणी. वरून दोरी ओढली की खाली घंटा वाजायची आणि कोणीतरी धावत जिना चढायचं. दर शनिवारी संध्याकाळी एक भाग. बायकोला इंग्रजी फारसं समजायचं नाही, म्हणून मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचो. मावशी चहाचे कप न्यायला यायच्या आणि दारातच थांबायच्या. तिसऱ्या शनिवारपासून त्या उंबऱ्यावर बसायला लागल्या.

"एवरी मानसं कामाला," त्या एकदा म्हणाल्या, "न त्या बाईला सोताचे केस पन विंचरता येत नाय?"

"मावशी, उद्यापासून माझे तुम्हीच विंचरा," बायको म्हणाली.

"बाई, तुमचे हायत कवरे? दोन मिन्टांचं काम."

बायको खूप हसली होती. त्या दोघींचं असं चालायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे तुटलं ते हे.

मला त्या मालिकेचं वेड लागलं. एका रविवारी बायको बदलापूरला बहिणीकडे गेली होती. दुपारी मी एकटा. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी कपाटातून तो सेट काढला. टेबलावर चादर घातली. काटे-चमचे हवेलीतल्यासारखे ओळीत लावले. बायकोने करून ठेवलेलं वरण गरम करून त्या सूपच्या भांड्यात ओतलं. मग आत जाऊन लग्नातला कोट चढवला. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसलो आणि रिकाम्या भिंतीकडे पाहून इंग्रजीत म्हणालो की आता वाढायला हरकत नाही. कोणी वाढणारं नव्हतं, म्हणून स्वतःच झाकण उचललं.

"साहेब, कोन येनार हाय का जेवाया?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. रविवारी त्या येत नसत. आदल्या दिवशी विसरलेली पिशवी न्यायला मागच्या दाराने आल्या होत्या. माझ्या हातून झाकण सुटलं आणि जमिनीवर पडून त्याचे तीन तुकडे झाले.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खाली बसून तुकडे पदरात गोळा केले. मी कोटात तसाच उभा. माझ्या तोंडाकडे न बघता त्या म्हणाल्या, "बाईंना मी सांगन, माझ्या हातून फुटला. बाई दोन दिस बोलतील न गप होतील. तुमी कोटाचं सांगाया बसलाव तं हसू होईल."

मी म्हणालो, "बरं."

"वरान थंड होतंय. जेवा."

बायको बोलली. दोन नव्हे, चार दिवस बोलली. "कारखान्याची वस्तू आहे मावशी, आपली नाही. उद्या यांना जाब विचारतील." मावशी खाली मान घालून भांडी घासत राहिल्या. मी पेपर वाचत होतो.

मार्च आला. फॉर्म आला. मी सवयीने लिहिलं, "नोकराच्या हातून". इस्टेट विभागाचा क्लार्क म्हणाला, "साहेब, यंदा नाव आणि पास नंबर पण लागतो." मी मावशींना हाक मारून पास मागितला. त्यांनी गाठ सोडून दिला. नंबर उतरवून मी तो परत केला. त्यांनी कशाला हवा म्हणून विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तोच क्लार्क कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी थांबला. "साहेब, तुमच्या मावशींचा पास जाणार. नवीन मॅनेजरसाहेबांचा नियम आहे. तोडफोडीत नाव आलं की एप्रिलपासून पास बंद. यादी सोमवारी दहाला वर जाते. काही दुरुस्ती असेल तर त्याआधी सांगा."

म्हणजे तीनही घरं बंद. फाटकाच्या आत त्यांना पायच ठेवता येणार नव्हता. दुरुस्ती एका शब्दाची होती. पण शब्दाच्या मागोमाग प्रश्न येणार होता, साहेब, तुम्ही रविवारी दुपारी सूपचं भांडं कशाला काढलं होतं? आमच्या क्लबात एका अधिकाऱ्याने एकदा केळं सुरीने कापून काट्याने खाल्लं होतं. तो निवृत्त होईपर्यंत लोक त्याला काटेकेळ म्हणायचे, त्याच्या निरोपसमारंभात सुद्धा. तो तर चांगल्या घरातला होता. मी फिटरचा मुलगा. मला काय म्हणतील, ते मी शुक्रवारी घरी येईपर्यंत दहा तऱ्हांनी ऐकून घेतलं होतं.

शनिवारी कॅसेट लावली. मावशी उंबऱ्यावर बसल्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

त्या भागात हवेलीतली एक जुनी फुलदाणी फुटली. लॉर्डच्या मुलाने फोडली होती, आणि एका तरुण वाढप्याने ते पाहिलं होतं. मुलगा गप्प राहिला. आळ वाढप्यावर आला. पडद्यावर लॉर्ड म्हणत होता की तुला आजच जावं लागेल, आणि तुझ्या चांगल्या वागणुकीची चिठ्ठी मी देणार नाही. त्या चिठ्ठीशिवाय तिकडे दुसऱ्या घरात कोणी उभं करत नसे. मुलगा बापाच्या शेजारीच उभा होता, बुटांच्या टोकांकडे बघत.

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं.

मी म्हणालो, "तो म्हणतोय, चूक सगळ्यांकडून होते. वाढप्याने कबूल केलं की फुलदाणी त्याच्या हातून फुटली. साहेबाने माफ केलं."

"मग तो रडतोय का?"

"आनंदाने."

पडद्यावर वाढप्याने पत्र्याची पेटी उचलली. बटलरने त्याच्याशी हात मिळवला. मग तो हवेलीच्या लांब रस्त्याने एकटा चालत निघाला आणि फाटकाशी थांबून त्याने मागे पाहिलं.

"आणि आता पेटी घेऊन कुठे चालला?" बायको.

"सुट्टीवर. आईला भेटायला."

"सुटीवर जानारा मानूस असा वलून बगत नाय," मावशी उंबऱ्यावरून म्हणाल्या.

बायको म्हणाली, "अहो, नीट सांगा ना. तुम्हालाच समजत नाही वाटतं."

मी म्हणालो, "त्यांचे उच्चार कठीण असतात."

मावशी उठल्या. कप गोळा केले, धुतले, पालथे घातले. जाताना नेहमी म्हणायच्या तसं "येतू बाई" म्हणाल्या. पास मागितलेला त्यांना आठवला असणार, असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजून वाटतं.

सोमवारी साडेनऊला मी इस्टेट विभागात गेलो. एवढं तरी केलं होतं, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. क्लार्कने फॉर्म काढला, पेन उघडलं. "बोला साहेब. कोणाच्या हातून लिहू?"

शेजारच्या टेबलाशी माझे दोन सहकारी चहा पीत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी म्हणालो, "काही नाही. नंबर बरोबर उतरवलाय का ते बघायचं होतं."

त्याने बघितला. बरोबर होता.

एप्रिलच्या पहिल्या दिवशी वॉचमनने मावशींचा पास फाटकात काढून घेतला. बायको दुपारपर्यंत वाट बघत बसली. संध्याकाळी तिला कळलं तेव्हा ती हळहळली. "एका झाकणासाठी? तुम्ही बोलला नाहीत का साहेबांशी?" मी म्हणालो, बोललो, नियम आहे. पुढे काही दिवस ती म्हणायची, मीच फार बोलले त्यांना, माझाच तळतळाट लागला. मी ते ऐकायचो. मालिकेचे उरलेले भाग मी आणले नाहीत.

तीन-चार वर्षांनी महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी शिवमंदिराच्या रस्त्याला मावशी दिसल्या. टोपलीत बेल घेऊन बसल्या होत्या. चेहरा वाळला होता. मी पुढे सटकलो असतो, पण त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, मधे उल्हासनगरला पँटींचे धागे कापायला जात होते, आता डोळ्यांना दिसत नाही.

मग बेल निवडता निवडता विचारलं, "साहेब, त्या पोऱ्याचा पुरं काय झाला? पेटीवाल्याचा?"

मी खरं सांगितलं. फुलदाणी मालकाच्या मुलाने फोडली होती. तो बोलला नाही. वाढप्याला काढून टाकलं.

"ता मना तवाच कललेला. बाईंना सांगितलाव?"

त्या मालिकेबद्दल विचारत नव्हत्या. मी म्हणालो, "हो. सांगितलं."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग बरा झाला. मना तेवराच घोर होता, बाई मनात धरून असतील. आता येतू एक दिस त्यांना भेटाया. तुमच्या सहीनं आत सोरतील नं?"

मी म्हणालो, ती माहेरी गेली आहे. बरेच दिवस राहणार आहे. आल्यावर निरोप देतो.

निरोप मी दिला नाही. दिला असता तर त्या आल्या असत्या आणि दोघी बोलल्या असत्या. पास जाऊ दिला ते भित्रेपणाने, तीन दिवसांच्या भीतीने. हे दुसरं मी दिवसाउजेडी, बाजारात, कोणी घाई करत नसताना केलं. दर महाशिवरात्रीला मी दुसऱ्या रस्त्याने मंदिरात जायला लागलो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बायको आजारी पडली. तोवर आम्ही बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मावशींचं गाव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होतो, बरेच गळले होते. ती म्हणाली, "दोन मिनिटांचं काम." आणि हसली. मग म्हणाली, "अहो, मावशींना शोधा ना कोणाकडून तरी. त्यांना सांगा, झाकणाचं मी कधीच विसरले. माझा काही राग नाही."

हातात फणी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "सांगतो."

तिने मावशींना माफ केलं आणि बारा दिवसांनी गेली. मावशींच्या गावी मी गेलो तो तिच्या वर्षश्राद्धानंतर. घर पाडून तिथे इमारतीचा पाया खणला होता. शेजारच्याने सांगितलं, मुलीकडे गेल्या, कुठे ते माहीत नाही.

झाकण माझ्या हातून फुटलं. मावशी नुसत्या दारात उभ्या होत्या.