आजोबांनी निवडलेली कॅमशाफ्ट

तुमच्या आजोबांची हिरवी गाडी तुम्ही फक्त फोटोत पाहिली आहे. दोनच माणसांची, वरून उघडी, इंग्लंडहून आलेली आणि वयाने माझ्याहून थोडीच लहान. ती जोरात पळायची का, असे तुम्ही मागे फोनवर विचारलेत. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून लिहिते.

नोकरीची पहिली काही वर्षे झाल्यावर आजोबांनी ती मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी इंजिनिअरकडून घेतली. मग संसार, पुंडलिकनगरचे घर, तुमच्या आईचे शिक्षण. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. तरुणपणी त्यांनी मद्रासकडच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यत पाहिली होती आणि तिथे अशाच एका गाडीचे इंजिन उभ्या जागी धापा टाकताना ऐकले होते. त्या आवाजाची नक्कल ते जेवताना करत आणि समोरच्याच्या वाटीत भात उडवत. निवृत्त झाल्यावर आपल्या गाडीला तसा आवाज आणायचा, हे त्यांचे केव्हाच ठरलेले होते.

तो आवाज कॅमशाफ्टमुळे येतो. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातली एक लांब दांडी. तिच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडी फिरली की हे उंचवटे इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, ढकलून उघडतात आणि इंजिन श्वास घेते. उंचवटे मोठे केले तर वेगात इंजिनाला भरपूर हवा मिळते, गाडी सुसाट जाते. पण हळू चालताना तेच इंजिन अडखळते, धाप लागल्यासारखे करते, कधी बंदही पडते. दोन्ही सुखे एका दांडीत मिळत नाहीत.

आजोबा निवृत्त झाले त्या वर्षी पाऊस झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नावापुरताच झाला होता. पैठणचे धरण तळाला गेले होते आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचे. त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितले की आजोबांच्या दोन्ही डोळ्यांतला काचबिंदू फार पुढे गेला आहे. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली किती टिकेल याचा भरवसा नव्हता. गाडी चालवणे त्याच दिवसापासून बंद.

घरी येऊन ते म्हणाले, "इंजिन आत्ताच बांधायला घेतो. नंतर दिसायचं नाही."

सुट्या भागांचा कॅटलॉग इंग्रजीत होता, अक्षर बारीक. मी शाळेत इंग्रजी शिकवलेले, तेव्हा वाचायचे काम माझ्याकडे आले. सौम्य ते कडक अशा चार कॅमशाफ्ट होत्या. पहिली रोजच्या वापराची, चौथी निव्वळ शर्यतीची. तिसरीची माहिती त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. उभ्या गाडीत इंजिन खडबडत चालेल, असा इशारा तिच्याखाली छापला होता.

"इशारा कसला देतात? ही तर जाहिरात झाली," ते म्हणाले आणि खूप दिवसांनी हसले.

मागणी त्यांनी स्वतः फोनवरून दिली. पार्सल आले तेव्हा खोक्यावरचा क्रमांक मी वाचला.

"अहो, यांनी पहिल्या नंबरची पाठवली. परत करू या."

"बरोबर आहे. मीच ती सांगितली."

"पण तुम्हाला तर तिसरी..."

"चालवणार कोण? तूच ना? दौलताबादच्या वेशीतून एका वेळी एकच गाडी जाते. तिथं बंद पडली की मागचे सगळे हॉर्न मारणार. आणि मला उतरून बघताही येणार नाही."

"मी काय आज शिकले गाडी? शाळेत रोज घरची दुसरी गाडी मीच न्यायचे ना?"

"ती गाडी वेगळी, ही वेगळी." त्यांनी खोका माझ्या हातातून काढून घेतला.

इंजिन बांधायला त्यांचे कारखान्यातले एक जुने सहकारी येत. जिथे दिसत नसे तिथे आजोबा बोटांनी चाचपून काम करत. नवी कॅमशाफ्ट पहिल्यांदा फिरते तेव्हा वीसेक मिनिटे इंजिन मोठ्या रेसवर ठेवावे लागते. मंद चालू दिले तर उंचवटे घासून जातात. तोवर रेडिएटर तापू नये म्हणून त्याच्यावर बाहेरून पाणी मारायचे ठरले.

"वहिनी, पाणी तयार ठेवा," सहकारी म्हणाले.

"कुठलं ठेवू? नळ परवा येणार."

"कपडे धुतल्यालं चालंल की. तिला काय सोवळं हाय?"

मी साबणाच्या पाण्याच्या बादल्या आणल्या आणि तांब्याने जाळीवर ओतत राहिले. सारी गल्ली दणाणली. समोरच्या गच्चीतून शेजारीण ओरडली, "काकू, विमान उडवताय का? आत्ताच झोपलंय माझं बाळ!"

मग आजोबांनी रेस सोडली. इंजिन खाली आले आणि शिवणयंत्रासारखे एकसारखे चालू लागले.

"वा, लई गोड चालतंय!" सहकारी म्हणाले.

आजोबा मान कलती करून ऐकत राहिले. "हो, छान," एवढेच म्हणाले, हात पुसले आणि आत जाऊन बसले. एरवी गाडीचे बॉनेट उघडे असताना ते जेवायलाही आत येत नसत.

मी मागोमाग गेले. "तिसरी मागवू. बंद पडली तर पडू दे, मी पुन्हा सुरू करीन. लोकांचे हॉर्न ऐकून मी काही मरत नाही."

"पुन्हा इंजिन उघडायला डोळे लागतात," ते म्हणाले. "या खेपेलाच पुरले ते कसेबसे."

त्यांनी माझ्या सोयीसाठी स्वतःची हौस मोडली होती, आणि ती सोय मी मागितलीच नव्हती. मला एकदा विचारले असते तर! पण दिसेनासे होत चाललेल्या माणसावर रागावणार कसे? मी गाडीवर ताडपत्री घातली आणि ओल्या बादल्या उचलल्या.

पुढे दर रविवारी मी त्यांना पैठण रोडवर नेत असे. पूर्वी घरातून निघाले की लगेच ज्वारीची शेते लागत. आता तिथे प्लॉटचे दगड, शोरूम आणि मंगल कार्यालये झाली होती. मोकळा रस्ता येईपर्यंत ऊन चढायचे आणि आम्ही मागे फिरायचो. कधी थोडा वेग घ्यायला मिळाला की आजोबा चेहरा वाऱ्याकडे करून बसत. दौलताबादला आम्ही एकदाच गेलो. वेशीत गाडी बंद पडली नाही.

वर्षभरात त्यांची नजर पूर्ण गेली. एकदा जालना रोडच्या सिग्नलवर आम्ही थांबलो होतो. शेजारी पाण्याचा टँकर, मागे बस, चारी बाजूंनी रिक्षा. आजोबांनी डॅशबोर्डवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"अगं, बंद पडली का?"

"नाही हो, चालू आहे," मी म्हणाले, आणि त्यांना ऐकू यावे म्हणून पायाने थोडी रेस दिली.