निखारा उचलणारा हात

माझी मावशी पेठकडच्या डोंगरात राहते. नवरात्रात तिला धुपासाठी चिमटा लागत नाही. चुलीतला लाल निखारा ती उघड्या हाताने उचलते आणि सावकाश चालत जाऊन धुपाटण्यात ठेवते. वणीच्या देवीनं तिला हात दिलाय, असं सगळा पाडा मानतो. मूलबाळ नाही म्हणून जन्मभर कोपऱ्यात बसवलेली बाई. साठी उलटल्यावर तिच्या पाया पडायला रांग लागली.

गेल्या नवरात्रात मी नाशिकहून गेले होते. निखारा नेता नेता मावशी मध्येच थांबली आणि माझ्याशी बोलायला लागली. निखारा मुठीतच. करपल्याचा वास सुटला.

"काय जळतंय गं पोरी? भाकर हाय का तव्यावर?" तिनं विचारलं.

तव्यावर काही नव्हतं. बायकांनी भक्तीनं हात जोडले. मला त्या सगळ्यांचा संताप आला. मी तिचा हात धरून मूठ धुपाटण्यावर उघडली.

तिची करंगळी आत वळली होती. दंडावर फिकट चट्टा होता. घरोघर तपासणी करणाऱ्या आशाताईंना मी गाठलं. त्या म्हणाल्या, कुष्ठरोग वाटतो. गोळ्यांनी बरा होतो, पण उशीर केला तर बोटं जातील.

मावशी ऐकेना. "देवी गेली तर मला कोण इचारील? तपासायचं तर समद्यांपुढं तपासा. देवीला कशाची भीती?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरी बायकांनी भरली. आशाताई समोर बसल्या. "आजी, डोळे मिटा. पेनाचं टोक लावते. लागलं की बोट ठेवून दाखवा."

कोपराजवळ टोक लागलं, मावशीनं बरोबर बोट ठेवलं. बायका कौतुकानं कुजबुजल्या. मग पेन तळहातावर आलं. एक निळा ठिपका उमटला. मग दुसरा, तिसरा. कुजबुज थांबली. पुढची म्हातारी हळूच मागे सरकली, तिच्यामागे दुसरी. ओसरी निम्मी रिकामी झाली, तरी पावलांचा आवाज नाही.

मावशी डोळे मिटून, हसऱ्या तोंडानं वाट बघत होती.

"लाव की बाई," ती म्हणाली. "समद्या खोळंबल्यात."

पेन तिच्या तळहातावरच टेकलेलं होतं.